फायसनची बेचक्याची काठी

लिझुलुच्या बाजारात सायकल उभी कशी ठेवायची यावरून जेवढी भांडणं झाली, तेवढी बटाट्यावरूनही झाली नसतील. दुकानातून सायकलीबरोबर येतो तो लोखंडी स्टँड काही कामाचा नाही, यावर मात्र सगळ्यांचं एकमत. सायकल विकली जाईपर्यंत तिला दुकानात उभी ठेवायची, एवढाच त्याचा जीव. मागे दोन पोती बटाटे चढवले की तो गुडघ्यात वाकतो आणि मग सायकल, पोती आणि मालक तिघेही रस्त्यावर. म्हणून नवी सायकल घरी आली की आमच्याकडे आधी स्टँड काढतात, मग तिला पाणी मारून धुतात.

स्टँड काढला, आता पुढे काय? कुणी झाडाला टेकवतो. कुणी पेडल दगडावर ठेवतो आणि दिवसभर त्या दगडाकडे बघत बसतो. सिकेलोसारखे हुशार लोक वेल्डिंगवाल्याकडून जाड गजाचा दोन पायांचा स्टँड करून घेतात आणि तो मातीत रुतू नये म्हणून खिशात पत्र्याची दोन झाकणं घेऊन हिंडतात. पण ज्याची उभी हयात ओझी वाहण्यात गेली, तो काठी वापरतो. कमरेपेक्षा वीतभर उंच, वर बेचकं असलेली. बेचकं सीटखालच्या दांडीला लावायचं, खालचं टोक तिरपं जमिनीत दाबायचं, आणि मालकाने खुशाल जेवायला जावं. सायकल हलत नाही.

ही काठी प्रत्येकाची वेगळी असते. सायकलीची उंची, ओझ्याचा झोक, मालकाचा डावा हात चालतो की उजवा, सगळं बघून ती तोडावी लागते. दुसऱ्याच्या काठीला हात लावायचा नाही, हा आमच्या बाजाराचा पहिला कायदा. दुसऱ्या कायद्याची आजपर्यंत कुणाला गरज पडली नाही.

फायसनची काठी अकरा वर्षं जुनी होती. या अकरा वर्षांत त्याच्या तीन सायकली झाल्या, काठी तीच. बेचक्याला त्याने जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती, म्हणजे दांडी घसरत नसे. काठीचा मधला भाग हात लागून लागून गुळगुळीत झाला होता. फायसन स्वतः एकेचाळीस वर्षांचा. आधी आईचं आजारपण, मग तीन बहिणींची लग्नं, यात त्याचं लग्न राहूनच गेलं होतं. आता लोकांनी त्याला त्यावरून चिडवणंही सोडून दिलं होतं, आणि चिडवत होते तेव्हाच बरं होतं असं त्याला वाटे.

मग दर मंगळवारी चिम्वाला गावच्या एनिफाची घेवड्याची पोती डोंगरावरून बाजारात आणायचं काम त्याच्याकडे आलं. ती पुढे चालायची, तो मागून सायकल धरून उतरायचा. पहिले चार महिने दोघं पावसावर बोलले. पाचव्या महिन्यात पाऊस संपला, तेव्हा नाइलाजाने दुसरं काहीतरी बोलावं लागलं. ती हसली की आधी मान वळवून दुसरीकडे बघायची, आणि फायसनला आठवडाभर ती वळलेली मान पुरायची. एका मंगळवारी उतारावर थांबून ती म्हणाली, "तुम्हाला मामा आहे का हो?"

आमच्याकडे बाई असं विचारते तेव्हा तिला मामाच्या तब्येतीची चौकशी करायची नसते. मागणी घालायला जातो तो मामा. नवऱ्यामुलाने त्या दिवशी मुलीच्या अंगणात तोंड उघडायचं नसतं.

फायसनला मामा होता, बिलियाती नावाचा. बोलण्यात पटाईत, गुडघ्याने अधू आणि भलताच तापट.

ठरलेल्या शनिवारी दोघे निघाले. सायकलीवर बटाट्यांची दोन गच्च पोती, आणि हँडलला उलटा टांगलेला तांबडा कोंबडा.

"एक पोतं बास होतं," बिलियाती मामा म्हणाला. "मागणी घालायला चाललोय, दुकान टाकायला नाही."

"एक पोतं कुणीही नेतं, मामा."

"मग ढकल आता."

अर्ध्या चढावर मामाचा गुडघा बोलायला लागला. तो दगडावर बसला, उठला, पुन्हा बसला. शेवटी त्याने पोत्याच्या दोरीत खोचलेली फायसनची काठी ओढून काढली. अंगठा बेचक्यात नेमका बसला. "ही बघ," तो खूश होऊन म्हणाला, "ही माझ्यासाठीच उगवली होती." पण मामाला काठी नाही कशी म्हणणार? वर पोचल्यावर घेऊ, असं म्हणून तो ढकलत राहिला.

वर पोचल्यावर काय होणार, हे त्याच्या लक्षात यायला हवं होतं. पण दोन गच्च पोती ढकलणाऱ्या माणसाची अक्कल पायांत गेलेली असते.

एनिफाच्या अंगणात तिचा मामा मालेकानो उभाच होता. उंच, वाळका, पांढऱ्या भुवयांचा. त्याने बिलियातीला नमस्कार केला, दोन्ही हात पुढे करून त्याच्या हातातली काठी घेतली, आणि आत घरात नेऊन ठेवली.

रीतच आहे ती. मागणी घालायला आलेल्या मामाची काठी घरात घेतात, म्हणजे बोलणी सुरू झाली. बोलणी जुळली की काठी परत मिळते. मधेच पाहुण्याने काठी मागितली तर बोलणी मोडली, आणि मोडलेली बोलणी त्या दाराशी पुन्हा होत नाहीत. हे लहान पोरालाही ठाऊक असतं.

फायसनने तोंड उघडलं. बिलियाती मामाने असे डोळे वटारले की ते पुन्हा मिटलं. ती माझी काठी नाही, भाच्याच्या सायकलीचा टेकू आहे, असं कबूल केलं असतं तर मामाची आल्याआल्याच शोभा झाली असती. म्हणून तो ती आपलीच असल्यासारखा ओसरीवरच्या चटईवर ऐटीत जाऊन बसला.

राहिला फायसन, अंगणाच्या मधोमध, दोन पोती आणि एक कोंबडा धरून. होकार मिळाल्याशिवाय पाहुण्याने पोती उतरवायची नसतात, ती मुलीकडचे लोक सोडतात. सायकल आडवी टाकली तर पोती फुटणार आणि बटाटे घरंगळत थेट उताराखालच्या ओढ्यात जाणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची गत झाली.

"काय पाहुणे, बसायचं नाही का?" एनिफाची थोरली बहीण मलिता स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. तिला कारण दिसत होतं. पण बोलता न येणाऱ्या माणसाला प्रश्न विचारण्यात एक वेगळाच आनंद असतो, आणि मलिता तो सोडणाऱ्यांतली नव्हती.

फायसनने भिंतीकडे पाहिलं. भिंत सकाळीच पांढऱ्या मातीने सारवलेली होती, अजून ओली. त्याने नुसतं पुढचं चाक तिकडे वळवलं.

"अं हं," मलिता म्हणाली. "पहाटेपासून हात दुखेपर्यंत सारवलीय मी. आणि अजून कुणी हो म्हटलं नाही, एवढ्यात भिंतीला टेकायला निघालात?"

चाक परत वळलं. एव्हाना कुंपणापाशी चार शेजारी जमले होते. त्यात सिकेलोही होता, त्याची सासुरवाडी याच गावात. त्याने स्वतःची सायकल गजाच्या स्टँडवर लावली, खाली पत्र्याची झाकणं सरकवली, आणि फायसनकडे बघून मान हलवली.

"मी सांगत होतो की नाही? तुझं आपलं काठी, काठी. घे आता काठी."

फायसनने कलणारं पोतं कोपराने सावरलं.

"पपईला टेकव," सिकेलोने सुचवलं. उंटावरच्या शहाण्यांचं असं असतं, सल्ला द्यायला त्यांना खाली उतरावं लागत नाही. फायसनने सायकल हळूच पपईला टेकवली. झाड आधी विचारात पडल्यासारखं थांबलं, मग सावकाश वाकलं, आणि एक कच्ची पपई पोत्यावर आदळून कोंबड्याजवळ पडली. कोंबडा किंचाळला आणि त्याने फायसनच्या बोटाला चोच मारली. फायसनने सायकल परत अंगावर घेतली.

"पेडलखाली वीट लाव, वीट," सिकेलो म्हणाला. त्यानेच कुंपणावरून हात घालून कोपऱ्यातल्या ढिगातून एक काढली आणि पुढे सरकवली. तो कच्च्या विटांचा ढीग म्हणजे एनिफाच्या पहिल्या नवऱ्याची आठवण. आमच्याकडे नवरा बायकोच्या गावी राहायला येतो आणि तिथे घर बांधतो. त्या गृहस्थाने गुडघ्याएवढी भिंत बांधली, बाकीच्या विटा रचून ठेवल्या आणि 'आलोच' म्हणून जोहान्सबर्गला गेला. त्याला सहा वर्षं झाली. फायसनने पेडल विटेवर टेकवलं आणि विटेचा भुगा झाला.

"माणूस तशी वीट," मलिता म्हणाली. कुंपणापलीकडे हशा पिकला.

"खड्डा खणून मागचं चाक बसवू या का?" सिकेलो विचारू लागला.

"शुभ बोलायच्या दिवशी अंगणात खड्डा खणतोस?" मलिता त्याच्यावर खेकसली. "आधी तुला पुरते त्यात." त्यानंतर सिकेलोने सल्ला देणं थांबवलं.

ओसरीवर मात्र कुणालाच घाई नव्हती. मालेकानो मामाने आधी पावसाची चौकशी केली. मग बिलियातीच्या गावच्या प्रत्येक म्हाताऱ्याची, नाव घेऊन. दोघांना थोबवा आणून दिला, मक्याचं ते घट्ट गोड पेय. ते त्याने असं चघळत प्यायलं, जसं त्यात हाडं असावीत. मधून मधून तो भुवया वर करून अंगणाकडे पाही आणि नवा प्रश्न काढी.

फायसनचे दंड भरून आले. घाम भुवईवरून डोळ्यात उतरत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला भांडी वाळत घालायच्या माच्याशी एनिफा ताटं लावत होती. माचा म्हणजे चार बेचक्यांचे खांब आणि वर काटक्यांची बैठक. ती एकच ताट कितीदा तरी पुसत होती. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मान वळवली. पण ती हसत होती की रडवेली झाली होती, ते त्याला कळलं नाही. एवढं मात्र कळलं की ही बाई मिळाली नाही तर उरलेले सगळे मंगळवार त्याला नकोसे होतील.

"बरं," मालेकानो मामा शेवटी म्हणाला, "तुमचा भाचा माणूस कसा?"

बिलियाती याचीच वाट बघत होता. "कसा म्हणजे? डोंगर आहे डोंगर. हलत नाही."

"पहिल्याचा मामाही हेच म्हणाला होता. त्याच चटईवर बसून." मालेकानोने पेला खाली ठेवला. "डोंगर जोहान्सबर्गला गेला. माझी भाची सहा वर्षं त्या विटा बघतेय. दर पावसाळ्यात त्यांच्यावर गवत घालते, दर उन्हाळ्यात काढते. मला आता डोंगर नको. मला सांगा, हा टिकेल कशावरून?"

प्रश्न खरा होता आणि म्हाताऱ्याचा आवाज कापला होता. पण बिलियातीला त्यात फक्त अपमान ऐकू आला.

"म्हणजे आम्हीही पळपुटे?" तो ताडकन उठला, गुडघा धरून पुन्हा अर्धा बसला आणि तसाच ओरडला, "दुसऱ्याच्या पापाचा हिशोब आमच्याकडे मागता? नको तुमची सोयरीक. आणा माझी काठी."

मलिताने तोंडावर हात ठेवला. कुंपणावरचे चारही जण सरळ उभे राहिले. एनिफाच्या हातातलं ताट खाली पडलं आणि गोल गोल फिरत राहिलं. मालेकानो सावकाश उठला आणि दाराकडे वळला, कारण पाहुण्याने काठी मागितली की ती द्यावीच लागते.

तासाभरापासून फायसनला या जगात दुसरं काही नको होतं. फक्त ती काठी. आता ती येत होती.

"नको," फायसन म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. नवरामुलगा बोलला होता.

"काठी राहू द्या आत," तो म्हणाला. "ती मामाची नाही. माझी आहे. सायकलीची. चढावर मामांचा गुडघा दुखला म्हणून त्यांनी हातात घेतली होती. ज्याची काठी त्यानेच मागायची ना? मी मागत नाही."

बिलियाती गुडघा धरून पुन्हा चटईवर बसला.

मालेकानो मामा ओसरीवरून उतरला. सायकलीभोवती एक चक्कर मारली. पोत्यांच्या गाठी पाहिल्या, फायसनचे थरथरणारे पाय पाहिले, कोंबड्याने सोललेलं बोट पाहिलं.

"बेचक्याला ट्यूब गुंडाळलेली काठी घेऊन कोणता म्हातारा हिंडतो रे?" तो म्हणाला. "मी तीस वर्षं याच उतारावरून कोबी वाहिलाय. हातात घेतली तेव्हाच मला कळलं."

"मग मामा, तासभर तुम्ही..." मलिता म्हणाली.

"बघत होतो."

"काय बघत होता?"

"विटा रचून जाणाऱ्याला मी असंच उन्हात उभं करून बघायला हवं होतं, तेव्हा नाही केलं," तो म्हणाला आणि माच्यापाशी जाऊन त्याला हात टेकून उभा राहिला. "बघू. विचार करायला हवा. घाई कशाला? पुढच्या महिन्यात एकदा सगळे बसू, मग..."

"मामा, जरा हे धरा," एनिफा म्हणाली.

सवयीने त्याने हात पुढे केला. तिने माच्याचा एक कोपरा त्याच्या तळहातावर ठेवला, मग दुसरा हात धरून तोही खाली लावला. आणि वाकून त्या कोपऱ्याचा खांब दोन्ही हातांनी हलवला. वाळवी लागलेला होता, तीन झटक्यांत उपटून आला. तो घेऊन ती सरळ फायसनजवळ गेली, सीटखालच्या दांडीला बेचकं लावलं आणि खालचं टोक टाचेने मातीत दाबलं.

"सोडा आता," ती म्हणाली.

फायसनने सोडलं. सायकल थोडी कलली, तिने जरा विचार केला, आणि ती उभी राहिली. त्याचे हात मात्र तसेच हवेत धरलेले राहिले, ते खाली यायला तयार होईनात. एनिफाने पदराने त्याच्या डोळ्यांवरचा घाम पुसला, सगळ्यांच्या देखत.

"अगं, ही ताटं," मालेकानो मामा ओरडला. माचा त्याच्याकडे झुकत होता. नऊ ताटं, दोन पातेली आणि पाहुण्यांसाठी काढलेला काचेचा जग त्याच्या छातीकडे सरकत होता. "मलिता, धर की."

"मी?" मलिता दारातून हलली नाही. "माझे हात भिंत सारवून दुखतायत."

"सिकेलो."

"मी पडलो इथला जावई, मामा. मला बोलावलंय कुणी?"

"एनिफा, खांब परत आण बघू."

"आणते की," एनिफा म्हणाली. "पण मग त्यांना पुन्हा सायकल धरून उभं राहावं लागेल. पुढच्या महिन्यात तुमचं ठरेपर्यंत. तोवर तुम्हीही थोडं धरून बघा, मामा. सहा वर्षं नाही, महिनाभर."

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. जग आणखी दोन बोटं पुढे आला. मग त्याच्या पांढऱ्या भुवया हलल्या आणि तो हसू लागला. तो हसला तशी ताटं वाजू लागली.

"पोती उतरवा," तो म्हणाला. "उतरवा म्हणतो ना. आणि आतली ती काठी आणा, माझे हात गेले."

कुंपणावरचे चौघे उडी मारून आत आले. मलिताने काठी आणली आणि सवयीने बिलियातीपुढे धरली. बिलियाती घेणार, तोच मालेकानो म्हणाला, "त्याला कशाला? इकडे आण." आणि त्याने ती काठी माच्याच्या रिकाम्या कोपऱ्याखाली लावून घेतली. ट्यूब गुंडाळलेल्या बेचक्यात माच्याची आडवी दांडी चपखल बसली. फायसनची काठी उपटलेल्या खांबापेक्षा वीतभर उंच होती, त्यामुळे तो कोपरा वर राहिला आणि सगळी ताटं दुसऱ्या बाजूला जाऊन बसली. आजही तिथली ताटं एका बाजूलाच असतात.

त्या संध्याकाळी बिलियाती मामा सायकलीवर मागे बसून घरी आला, आणि सोयरीक आपण कशी जुळवून आणली ते वाटेत भेटेल त्याला सांगत आला.

पुढच्या मंगळवारी फायसन बाजारात आला तेव्हा त्याची सायकल एका आखूड, वाळवी लागलेल्या खांबावर कलून उभी होती. सगळा बाजार थांबून बघू लागला. सिकेलोने त्या दिवशीचं सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी चारचौघांत विचारल्याशिवाय त्याला राहवेना.

"काय रे फायसन, अकरा वर्षांची काठी तुझी. कुठंय ती?"

फायसनने पोत्याची गाठ सोडली आणि वर न बघता म्हणाला, "घरी आहे."